खिशाचे टाके

५ नोव्हेंबर

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

गाठोडं पोचून तीन आठवडे झाले आणि पोच आज देते आहे, तेव्हा आधी चार शिव्या घाल आणि मग पुढे वाच. फोनवर तू बोलतेस त्यातलं निम्मं मला ऐकू येत नाही आणि जे ऐकू येतं त्यातलं निम्मं मी विसरते. त्यापेक्षा कागद बरा, दोनदा वाचता येतो.

गाठोड्यात चिठ्ठी नव्हती, पण पत्ता मेहुण्यांच्या अक्षरात होता. म्हणजे विचार तुझा आणि हमाली त्यांची, हे मी ओळखलं. दोन चादरी, मेहुण्यांच्या तीन पँटी, तुझा तो जांभळा गाऊन (तो टाकलास हे फार बरं केलंस, त्यात तू वांग्यासारखी दिसायचीस) आणि मेहुण्यांचा कारखान्यातला करडा डगला. इतकं जाड, टिकाऊ कापड आमच्याकडे क्वचित येतं. सगळ्यांनी तुझं नाव काढलं.

मंडळ आता बघशील तर ओळखणार नाहीस. सुरुवातीला मी आणि खालची लाँड्रीवाली अशा दोघीच होतो. आता दर बुधवारी लाँड्रीच्या वरच्या खोलीत अकरा जणी जमतो. इस्त्रीचं जुनं लांब टेबल मध्ये टाकलंय. खालून वाफ येते त्यामुळे पायांना ऊब मिळते आणि वर खिडकीच्या फटीतून नाकाला गारवा. गणिताच्या बाई रिटायर झाल्यापासून चौकोन मोजायचं काम त्यांनी घेतलंय आणि चुकलं तर अजूनही कान पकडायला लावतात. गोधड्या कुठे जातात तर हॉस्पिटलातून घरी निघालेल्या एकट्या माणसाला, नव्याने घर मांडणाऱ्याला, ज्याचं घर मोडलं त्याला. मागायला कुणी येत नाही. कुणाला गरज आहे ते आम्हालाच कळतं आणि आम्ही जाऊन देऊन येतो.

आमचे नियम दोनच, मागेही लिहिले होते. आलेला कपडा त्याच दिवशी उसवायचा. कपडा जोवर कपडा असतो तोवर त्याच्याकडे बघून हात अडतो. कॉलर काढली, बाह्या काढल्या, जुनी शिवण उसवली की उरतं ते नुसतं कापड, आणि मग माणूस कामाला लागतो. दुसरा नियम, दिलेली गोधडी परत मागायची नाही आणि कुणाला दिली ते बाहेर बोलायचं नाही. हा नियम मीच केलाय. पहिल्या वर्षी एकीने दिलेल्या गोधडीतला आपल्या नवऱ्याचा शर्ट ओळखला आणि ती घेणाऱ्याच्या दारात जाऊन रडली. तो बिचारा इतका ओशाळला की त्याने गोधडी घडी घालून आमच्या पायरीवर आणून ठेवली.

आता तुझी हजेरी घेते. मेहुण्यांच्या डगल्याच्या बाह्या दोन-दोन घड्या आत मुडपलेल्या होत्या. ते आक्रसले की काय? जेवायला घालतेस ना त्यांना? आणि तो खिसा. लाल दोऱ्याने घातलेले ते टाके बघून मी कपाळावर हात मारून घेतला. एक टाका मुंगीएवढा तर पुढचा झुरळाएवढा. आई असती तर फूटपट्टी घेऊन तुझ्या मागे लागली असती. चष्म्याच्या दुकानात काम करतेस, एक स्वतःच्या नाकावर पण चढव. कारण शहाणे, फाटका खिसा शिवताना तू त्याचं तोंडच शिवून टाकलंस. मी ब्लेडने एकेक टाका उसवला, लाल दोरा केरात टाकला, कापड इस्त्रीने सपाट केलं आणि तुझी लाज झाकली.

आत रबराची एक टोपी सापडली, अंगठ्यात बसेल एवढी, वर बारीक पुटकुळ्या. मेहुणे तिचं काय करायचे ते ठाऊक नाही, पण आमची चंगळ झाली. चार थरांतून सुई ओढताना ती बोटात घातली की सुई निसटत नाही. आता तिच्यावरून दर बुधवारी भांडणं होतात.

तुझ्या कापडांची गोधडी गेल्या बुधवारीच पुरी झाली आणि जिथे जायची तिथे गेलीसुद्धा.

मने, एक गोष्ट हळूच विचारते. पुढच्या महिन्यात चार तारखेला भिंगरीला जाऊन वर्ष होईल. तू तिच्याबद्दल काही लिहीत नाहीस, म्हणून मीही लिहीत नाही. पण एकुलती भाची माझी, मलाही ती पावलोपावली आठवते. त्या दिवशी मी तुझ्याकडे येऊन राहू का? नको वाटलं तर तसं कळव, मी रागावणार नाही.

लोभ आहेच, त्यात खंड पडू देऊ नकोस.

तुझी,
ताई


९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

गाठोडं मी पाठवलेलं नाही. ते गेल्याचं मला तुझ्या पत्रातून कळलं.

तो डगला ह्यांचा नाही. भिंगरीचा आहे, पोस्टाच्या सॉर्टिंगमधला. तिथे सगळ्यांना एकाच मापाचा देतात म्हणून तिने बाह्या मुडपल्या होत्या. तू तिला त्यात कधी पाहिलं नाहीस, नोकरीला लागून तिला पाचच महिने झाले होते. रबराची टोपी तिच्या अंगठ्याची आहे. पत्रं भराभर सरकवायला घालतात.

टाके माझे नाहीत, तिचे आहेत. शनिवारी तिने डगला धुवायला आणला आणि खिसा फाटलाय, शिवून ठेव म्हणाली. मी धुतला, वाळवला, खिसा विसरले. सोमवारी सकाळी ती घाईत होती, मीही घाईत होते. तिने पुन्हा म्हटलं तेव्हा मी म्हणाले की तुला देवाने दोन हात दिलेत, तूच शिव, बावीस वर्षांची घोडी झालीस. तिने माझ्या डब्यातली सुई घेतली, सुईत होता तोच लाल दोरा वापरला, खिडकीत बसून शिवलं आणि गेली. जाते म्हणून हाकसुद्धा मारली नाही. संध्याकाळी कामावरून सुटून येताना कोपऱ्यावर तो ट्रक आला. डगला ऑफिसातच खुंटीवर होता. त्यांनी तो कागदात गुंडाळून आणून दिला.

जन्मात तिने सुई हातात धरली ती त्या सकाळी. तेवढेच टाके होते तिचे.

तीन आठवडे मी घर उलथंपालथं करते आहे. हे मला म्हणाले, तूच कुठेतरी ठेवला असशील, हल्ली तुझ्या लक्षात राहत नाही. मला वाटलं माझंच डोकं फिरलं. पलंगाखाली, माळ्यावर, पिठाच्या डब्यातसुद्धा बघितलं.

गोधडी कुठे आहे ते कळव. आणि केर तुमच्याकडे रोज नेतात की आठवड्याने, तेही कळव.

चार तारखेला येऊ नकोस.

मनी


१३ नोव्हेंबर

चि. मनीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र लाँड्रीवालीने वर आणून दिलं तेव्हा मी टेबलापाशी उभी होते. वाचून झाल्यावर मला बसायला खुर्ची सापडेना. ती खुर्ची माझ्या मागेच होती.

केर गुरुवारी नेतात. तो गुरुवार केव्हाच गेला. तरी मी आणि लाँड्रीवालीने खोलीतलं सगळं फर्निचर हलवलं, फळ्यांच्या फटीतून विणायच्या सुईने कचरा काढला. त्यात बोटभर लाल दोऱ्याचा तुकडा मिळाला. पण मने, आम्हीही लाल दोरा वापरतो. तो तिचाच आहे असं मी छातीठोक सांगू शकत नाही. लाँड्रीवाली म्हणाली पाठवून दे, बिचारीला तेवढाच आधार. मी नाही पाठवला. एक खोटं तुझ्या घरात आधीच झालंय, त्यात माझं दुसरं नको.

मी चाळीस वर्षं कपडे शिवले. कुठलाही टाका बघून घालणाऱ्याचा हात ओळखते असं मिरवत आले. नवशिका हात होता, हे मला दिसलं होतं. माझी बहीण असं शिवणार नाही, हेही मला ठाऊक होतं. पण मला विनोद सुचला आणि मी तिथेच थांबले. कुणाचा हात आहे हे विचारायला चार दिवस लागले असते, एक कार्ड टाकलं असतं. त्याच दिवशी उसवायचा हा नियम माझा, ब्लेड माझं. आणि वर तुला थट्टेचं पत्र लिहिलं. मुंगी आणि झुरळ हे शब्द आता रोज सकाळी उठले की मला आठवतात.

माफी मागत नाही, कारण ती देणं तुला जड जाईल आणि न देणंही. गोधडी कुठे आहे हे सांगायची आमच्यात बंदी आहे. ती बंदी मी मोडणार आहे. मंडळाला सांगून मोडते, चोरून नाही. मला थोडा वेळ दे.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू? तरी हात सवयीने लिहितोच आहे.

ताई


१५ नोव्हेंबर

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही, त्यामुळे चुकलंमाकलं सांभाळून घ्या. चूक माझी आहे. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका आणि ही स्वतःला देत असेल तर तिलाही देऊ देऊ नका.

ही रोज सकाळी मुलीच्या पलंगाच्या कडेवर बसायची. डगला मांडीवर, एक बोट खिशावर. चहा गार व्हायचा. दुकानाची वेळ टळायची. दुकानाच्या मालकांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा म्हणाले की तब्येत बरी होईपर्यंत घरीच राहा. मग ती दिवसभर बसू लागली. मी कामावरून आलो तरी तिथेच. जेवलीस का विचारलं तर कधी हो म्हणायची, कधी नाही, दोन्ही खरं नसायचं.

मागे एका पत्रात तुम्ही लिहिलं होतंत की कॉलर निघाली, शिवण उसवली की कपड्याचं नुसतं कापड होतं आणि माणूस कामाला लागतो. ते मी वाचलं होतं. मला वाटलं, डगल्याचं कापड झालं तर हीही उठेल. म्हणून ती आंघोळीला गेली असताना माझ्या पँटीत गुंडाळून पाठवला. तिला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे मला माहीत होतं. म्हणून विचारलं नाही.

त्या टाक्यांचं मला खरंच माहीत नव्हतं. त्या सकाळी माझी पहिली पाळी होती, मी पाचलाच बाहेर पडलो होतो. मायलेकींचं काय बोलणं झालं ते तिने मला वर्षभरात सांगितलं नाही. तुम्हाला लिहिलं तेव्हा पाकिटात घालण्याआधी तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि वाचा म्हणाली. तसं मला कळलं.

तीन आठवडे ती शोधत होती आणि मी बघत होतो. एकदा तर मी तिच्याबरोबर माळ्यावर चढून शोधायला मदत केली. माझं काम लेथवरचं आहे, केसाच्या जाडीएवढी चूक झाली तरी तुकडा फेकून देतो. घरी एवढी मोठी चूक मी उघड्या डोळ्यांनी करत राहिलो. आता ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, समोर ठेवते आणि मुलीच्या खोलीत जाऊन बसते. मांडीवर आता काही नसतं.

काही करता येण्यासारखं असेल तर सांगा. नसेल तर तसंही सांगा.

आपला लोभ आम्हा दोघांवर आहे तसा राहावा. माझ्यावरचा कमी झाला तर मी समजू शकतो, हिच्यावरचा मात्र कमी होऊ देऊ नये.

आपला,
धाकटीचा नवरा


२६ नोव्हेंबर

चि. मनीस,
आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही, ते येईल अशी अपेक्षाही नव्हती. हे पत्र रजिस्टर्ड पाठवते आहे, आतली वस्तू हरवू नये म्हणून. आधी पत्र वाच, मग आतली पुडी उघड.

बुधवारी मी मंडळापुढे सगळं वाचून दाखवलं, माझ्या थट्टेच्या ओळींसकट.  मग गणिताच्या बाई म्हणाल्या की नियम ज्याने केला त्यानेच मोडावा, त्यात दुसऱ्याची परवानगी कसली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर न चढवता तसाच हातात धरून ठेवला.

गोधडी बागेमागच्या वृद्धाश्रमात एका घड्याळवाल्यांना दिली होती. पन्नास वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. आता डोळे जवळजवळ गेलेत, पण भिंतीवर तीन घड्याळं लावलीत आणि टिकटिक ऐकून कुठलं मागे पडलंय ते सांगतात. मला ऐकू येत नाही आणि त्यांना दिसत नाही, त्यामुळे आमची भेट म्हणजे बघण्यासारखी गोष्ट. ते ओरडून बोलत होते आणि मी त्यांच्या हातात वस्तू ठेवून दाखवत होते. शेजारच्या खाटेवरचे आजोबा अंगावर पांघरूण घेऊन हसत होते.

मी कारण सांगितलं आणि ते ओरडायचे थांबले, माझ्या कानाशी वाकून बोलू लागले. गोधडी त्यांच्या गुडघ्यांवरच होती. त्यांनी उजवा हात सरकवत नेला आणि एका करड्या चौकोनावर थांबवला. मी न सांगता. म्हणाले की हाच का. मला विचारशील तर अकरा करड्या चौकोनांतला खिशाचा कोणता, हे मला नुसतं बघून सांगता आलं नसतं. ते म्हणाले की कापड जाड आहे म्हणून सुईची भोकं बुजलेली नाहीत. सकाळी जाग आली की ते त्यांच्यावरून अंगठा फिरवत पडून राहतात. बावीस आहेत, त्यांनी मोजली होती. शिवणारं माणूस नवखं होतं आणि घाईत होतं, पण मध्ये कुठे सोडून दिलेलं नाही, एवढं त्यांना बोटांना कळत होतं.

मग एक गोष्ट त्यांनी मला सांगितली. बोलणं माझ्यावर नव्हतं, ते आपले कामाचं सांगत होते, पण मला लागायचं तिथे लागलं. घड्याळ उघडण्याआधी आधीच्या कारागिराने ते कसं बंद केलंय ते नीट बघायचं असतं म्हणे. झाकणाच्या आतल्या बाजूला प्रत्येक कारागीर आपली बारीक खूण कोरतो. ती पुसायची नाही, तिच्याखाली आपली कोरायची. मी चाळीस वर्षं शिवणी उसवल्या आणि मला हे कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

त्यांनी घेऊन जा म्हटलं. मला कात्री चालवता येईना, तेव्हा त्यांनी स्वतः कड ताणून धरली आणि मी भोवतीची शिवण हळूहळू उसवली. पाऊण तास लागला. गोधडीला मध्यभागी खिडकी पडली. तिथे घालायला आम्ही अकरा जणींनी आपापल्या अंगावरच्या कपड्यातून एकेक बोट कापड कापून दिलं, जुन्यातलं नाही. गणिताच्या बाईंनी पदर-दुपट्टा काही न बघता सरळ बाहीच कापली आणि उरलेली दुपार एका बाहीने बसल्या. अकरा पट्ट्या जोडून एक चौकोन झाला. तो मी त्यांना नेऊन बसवून दिला. त्यांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले की हे फार गुळगुळीत आहे, सवय करावी लागेल.

पुडीत तो करडा तुकडा आहे. टाके नाहीत, ते मी परत आणू शकत नाही. त्यांच्या जागा आहेत. खिडकीत उजेडासमोर धर म्हणजे बावीसही दिसतील.

टोपी माझ्याकडे आहे. ती मी उचलून डब्यात ठेवली आहे, आता तिला कुणी हात लावत नाही. तू म्हणशील तेव्हा पाठवते.

मेहुण्यांनी मला पत्र लिहिलं. त्यांच्यावर रागाव, रागावायचा तुला हक्क आहे. पण तेही एका मुलीचे वडील आहेत, एवढं मध्येमध्ये आठवत जा.

तुझ्या लोभावर हक्क सांगत नाही. मिळाला तर पदरात घेईन.

ताई


६ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुकडा पोचला. मी तो खिडकीत धरला, बावीस आहेत.

राग गेला असं लिहिणार नाही, कारण गेलेला नाही. मुंगी-झुरळाची ओळ मी अजून वाचू शकत नाही, पत्र त्या जागी दुमडून ठेवलंय. पण बाकीचं पत्र मी रोज वाचते. पुढचं लिहिते ते तू सावकाश वाच.

दोन दिवस मी तुकडा नुसता हातात घेऊन बसले. मग वाटलं, जागा आहेत तर टाके परत घालता येतील. लाल दोरा ओवला आणि पहिल्या भोकात सुई घातली. ती सरळ जाईना. मग लक्षात आलं की भिंगरी डावखुरी, तिने दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली असणार. त्या टोकाला गेले आणि तिथे थांबले. तिच्या भोकातून मी दोरा नेला तरी टाके माझेच होतील, चांगले सरळ येतील. सुई काढून ठेवली.

चार तारखेला घरात बसवेना. मी ह्यांना म्हटलं, मला तिच्या ऑफिसात जायचंय. तीन-साडेतीन आठवड्यांत मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यांनी काही न विचारता बूट घातले. तिथे पोचल्यावर ते सायकली लावतात त्या कठड्यापाशी थांबले, आत यायचं त्यांना धाडस झालं नाही.

सॉर्टिंगची खोली खूप लांब आहे. दोन्ही बाजूंना खणांच्या भिंती, मध्ये टेबलं, आणि आवाज सगळा कागदाचा. तिच्या जागेवर आता दुसरी मुलगी आहे. तिच्यासुद्धा बाह्या मुडपलेल्या होत्या. मुख्य बाईंनी मला ओळखलं. डगला घेऊन गेल्या वर्षी त्याच आल्या होत्या आणि मी दार अर्धंच उघडून कागदाचं पुडकं घेतलं होतं. त्यांना तेव्हाच काही सांगायचं होतं, पण मी दार लावून घेतलं. नंतर त्यांचं पाऊल आमच्याकडे वळलं नाही.

मी त्यांना तुकडा दाखवला. त्यांनी भोकं बघितली आणि त्या हसायला लागल्या. मला क्षणभर राग आला. मग त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी सांगितलं.

त्या सोमवारी काम सुरू करताना भिंगरीने टोपी काढायला खिशात हात घातला आणि हात आतच जाईना. टोपी खिशात आणि खिसा शिवलेला. ती इतकी हसली म्हणे की टेबलावरची पत्रं खाली पडली. मग ह्या टेबलावरून त्या टेबलावर डगला ओढून दाखवत फिरली. बाहेरून टोपी चाचपडून दाखवत होती. कुणीतरी ब्लेड पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. ती म्हणाली, आईने मला सांगितलंय तुला हात आहेत, म्हणून मी शिवलं. आता आईनेच उसवायचं. शनिवारी धुवायला नेईन तेव्हा तिच्यापुढे ठेवीन आणि सांगेन की बघ, हात दिलेत पण डोकं द्यायचं राहिलं. तिचं तोंड कसं होतं ते मला बघायचंय. दिवसभर तिने मुख्य बाईंची जुनी टोपी वापरली आणि संध्याकाळी डगला खुंटीवर लावून, खिशावर थाप मारून गेली.

ताई, मी वर्षभर समजत होते की ती माझ्यावर रुसून गेली. ती हसत होती. शनिवारची वाट बघत होती.

ते टाके उसवण्यासाठीच ठेवले होते तिने. मी त्यांना वर्षभर बोटाने जपत बसले आणि ते उसवायचे होते, फक्त माझ्या हातून. तू उसवलेस. आधी मला वाटायचं की तू तिची शेवटची गोष्ट पुसलीस. आता वाटतं, तू माझं काम केलंस, न विचारता. ह्या दोन्हींतलं कमी वाईट कोणतं ते मला अजून ठरवता येत नाही.

मी बाहेर आले आणि ह्यांना आत बोलावलं. मुख्य बाईंना म्हटलं, पुन्हा एकदा सांगा, पहिल्यापासून. त्यांनी सांगितलं. ऐकता ऐकता हे हसले आणि मग ह्यांना रडू आवरेना. त्या लांब खोलीतल्या सगळ्या मुली खाली मान घालून पत्रं लावत होत्या. घरी येताना आम्ही त्या कोपऱ्यावरून आलो. वर्षभर मी लांबच्या रस्त्याने जात होते.

टोपी पाठवू नकोस. डब्यातून काढ आणि पूर्वीसारखी वापरा, हवं तर तिच्यावरून भांडा. भिंगरीला दोन मिनिटं रिकामं बसवायचं नाही, तिची टोपी तरी कशाला बसवायची.

आणि मी येते आहे. पुढच्या मंगळवारच्या गाडीने, म्हणजे बुधवारी मंडळात असेन. हे सोडायला येणार आहेत, दोन दिवस राहतील, इस्त्रीचं टेबल डुगडुगतं ना तेवढं नीट करून देतो म्हणालेत. मला शिवायला बसवू नका, मला उसवायचं काम दे. येतील ते सगळे कपडे आधी माझ्यापुढे ठेवायचे. त्याच दिवशी उसवायचा हा तुझा नियम मात्र बंद. मी एकेक शिवण बघेन, कुठे वेडावाकडा टाका दिसला तर ज्यांनी कपडा दिला त्यांना आधी विचारेन की हा कुणी घातला. त्यांनी हो म्हटलं तरच ब्लेड लावीन. घड्याळवाल्यांना भेटायचंय. त्यांच्यासाठी एक तुकडा आणते आहे, तो त्या गुळगुळीत चौकोनावर लावून दे. त्यात मी डाव्या हाताने बावीस भोकं पाडली आहेत.

तुझा लोभ मला हवा आहे, आणि माझा तुझ्यावर आहे, हे लिहायला एक महिना लागला.

मी शनिवारपर्यंत राहीन. शनिवारी मला घरी बसवत नाही.

तुझी,
मनी